तोंडात फूट, कागदावर मीटर

गेल्या महिन्यात सोसायटीच्या सभेत मी सहज म्हणून गेलो, की घरांच्या जाहिराती चौरस मीटरमध्येच छापायला लावल्या पाहिजेत. चहा-बिस्किटांच्या वेळी असली वाक्यं हवेत विरून जातात. हे विरलं नाही. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त स्थापत्य अभियंते तेव्हा गप्प बसले, आणि चार दिवसांनी त्यांनी माझ्या दाराखालून साडेतीन पानी पत्र सरकवलं. हातानं लिहिलेलं, समास सोडून, परिच्छेदांना आकडे घालून.

पत्रातलं म्हणणं थोडक्यात असं. फूट हे माणसाचं माप आहे आणि मीटर पंडितांचं. पाऊल म्हणजे फूट, अंगठ्याची रुंदी म्हणजे इंच. शरीरातून आलेली मापं शरीराला कळतात. मीटर काढला पृथ्वीच्या घेरावरून, आणि पृथ्वी कोणी कवेत घेतली आहे? बाराला दोन, तीन, चार, सहा असा कुठूनही भाग जातो, दहाला तिसरा वाटेकरी आला की पंचाईत. सरकारनं आपले शेर, छटाक, तोळे एका फटक्यात मोडीत काढून फ्रेंचांचं माप आपल्या गळ्यात बांधलं. तरीही साठ वर्षांनंतर माणसं फुटातच बोलतात, म्हणजे लोकांनी निकाल दिलेला आहे. आणि शेवटचा षटकार: अमेरिका फूट-इंचांवर चंद्रावर जाऊन आली.

पत्र झकास होतं. खाजगीत उत्तर देऊन भागेल असं नव्हतं, म्हणून इथं लिहितो आहे.

चंद्राचं आधी उरकून टाकू. अमेरिकेचे यार्ड आणि पौंड १८९३ पासून मीटर-किलोग्रामवरूनच ठरवले जातात. तिथल्या दुकानात शीतपेयाची मोठी बाटली दोन लिटरची असते आणि औषधाची गोळी मिलिग्रॅमची. १९९९ मध्ये त्यांचं मंगळयान पौंड-न्यूटनच्या घोळात गेलं, हे उदाहरण मीटरवाले इतकं उगाळतात की मला त्याचा वीट आला आहे. ते मी वापरणार नाही.

आता पावलाकडे येऊ. माझं पाऊल मी काल फरशीवर उभं राहून मोजलं: पावणेदहा इंच भरलं. बायकोचं नऊला थोडं कमी. घरात बारा इंचांचं पाऊल कोणाचंच नाही, आणि सोसायटीत कोणाचं असेल तर त्याला चपला शिवून घ्याव्या लागत असतील. माप शरीरातून आलं हे खरं, पण ते शरीरात राहू शकलं नाही, कारण बाजारात प्रत्येकाचं पाऊल वेगळं पडलं की भांडण लागतं. म्हणून इंग्रजांनी १८२४ मध्ये कायदा करून यार्डाची एक पितळी पट्टी प्रमाण ठरवली. दहा वर्षांनी, १८३४ च्या ऑक्टोबरात, लंडनच्या संसदेला आग लागली आणि त्या आगीत ती पट्टी निकामी झाली. पुढं नवी केली. अखेर १९५९ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या देशांनी आपसांत ठरवलं, की एक यार्ड म्हणजे बरोबर ०.९१४४ मीटर. त्यातून इंच बरोबर २५.४ मिलिमीटर झाला. म्हणजे फूट आज स्वतःच्या पायावर उभाच नाही. पत्र लिहिणारे आमचे साहेब ज्याला माणसाचं माप म्हणतात, ते पंडितांच्या मापाचं एक टोपणनाव आहे.

टोपणनाव हा शब्द मी जपून वापरतो आहे. घरातल्या दोन-तीन वस्तूंना टेप लावून बघा. माझ्या दिवाणखान्यातला टीव्ही ‘त्रेचाळीस इंची’. त्याच्या खोक्यावर छापलंय: १०८ सेमी (४३ इंच). त्रेचाळीस इंचांचे होतात १०९.२ सेंटिमीटर. १०८ सेंटिमीटर म्हणजे साडेबेचाळीस इंच. अर्धा इंच कुठं गेला? कुठंच नाही, तो कधी नव्हताच. आपला वैध मापनाचा कायदा प्रमाण एककातला आकडा मागतो, म्हणून सेंटिमीटरला खरं बोलावं लागतं. इंच कंसात बसून शेजाऱ्यांपुढं मिरवतो.

नळाचा ‘अर्धा इंची’ लोखंडी पाइप घ्या. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. पाइप बाहेरून मोजला तर एकवीस मिलिमीटरच्या वर भरतो, आतून पंधरा-सोळा. अर्धा इंच त्या पाइपात कुठंही सापडत नाही. आमचा सुतार स्वयंपाकघराचं काम करत होता तेव्हा म्हणाला, “आठ बाय चारची शीट आणा, अठरा एमएम, आणि चॅनल अठरा इंची.” एका वाक्यात दोन पद्धती, आणि जीभ कुठं अडखळली नाही. दुकानात चॅनलच्या पाकिटावर होतं ४५० मिमी. अठरा इंच ४५७ होतात. मी हे त्याला दाखवलं, तर तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत म्हणाला, “अठरा इंची म्हणजे साडेचारशेच असतं, साहेब.” त्यानं ड्रॉवर कापला तो साडेचारशेच्या हिशेबानंच.

तापाचं तर याहून मजेशीर आहे. थर्मामीटरच्या बाबतीत आपण अजून फॅरनहाइटवाले आहोत. हवा छत्तीस अंश आणि ताप एकशे दोन, हे एकाच दिवशी एकाच घरात म्हणतो आणि कोणाला गोंधळ वाटत नाही. साहेबांनी पत्रात लिहिलंय, ९८.६ हा आकडा तरी कसा अचूक, पॉइंट सहापर्यंत! तो पॉइंट सहा कुठून आला, हे सांगायला हवं. लाइपझिगच्या वुंडरलिश नावाच्या डॉक्टरांनी हजारो रोग्यांची तापमानं नोंदवून १८६८ मध्ये ग्रंथ छापला आणि निरोगी माणसाचं सरासरी तापमान ठरवलं ३७ अंश सेल्सियस. गोल आकडा. इंग्रजी जगानं त्याला नवानं गुणलं, पाचानं भागलं, बत्तीस मिळवले आणि आले ९८.६. पॉइंट सहा ही सगळी गुणाकाराची पुण्याई.

बाराच्या मुद्द्यात मात्र दम आहे. बाराला जितके भाग जातात तितके दहाला जात नाहीत, हे मी नाकारत नाही. पण ही सोय फुटाच्या खाली टिकते का ते बघा. इंच आपल्याकडे बारांत मोडत नाहीत, आठांत मोडतात. त्या आठव्या भागाला सुतार ‘सूत’ म्हणतो. आता इंचाचे तीन सारखे भाग करा: दोन सूत आणि दोन तृतीयांश सूत. वरच्या बाजूला तीन फुटांचा यार्ड, १७६० यार्डांचा मैल. बारा तेवढा एका पायरीपुरता आला आणि गेला. शेरात सोळा छटाक, त्यांना तरी तिनानं कुठं भाग जातो?

शेर-छटाकाच्या मुद्द्यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण तिथं साहेबांचा गळा दाटून आला आहे. त्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे सगळे पाढे एका ओळीत लिहून काढलेत. हे पाढे गेल्याचं मलाही वाईट वाटतं. औट म्हणजे साडेतीन, हे आता नातवंडांना सांगावं लागतं. पण पाढे गेले तरी पाव, सव्वा, दीड, अडीच गेले का? आपण पाव किलो मिरच्या आणतो, नवस फेडायला सव्वा किलो पेढे, झब्ब्याला अडीच मीटर कापड. मराठीनं आपले अपूर्णांक उचलले आणि किलो-मीटरवर बसवून दिले. साडी नऊवारीच राहिली, ‘वार’ मात्र दुकानातून गेला. कापडवाल्याकडे वारानं कापड मागून बघा. तरुण पोरगा मालकाकडे बघेल.

आणि ‘आपलं’ माप म्हणजे नेमकं कोणाचं? मुंबईचा मण २८ पौंडांचा होता, मद्रासचा २५ पौंडांचा, बंगालचा ८२ पौंडांहून जास्त. एकाच नावाच्या तीन वस्तू. धान्याची पायली, अधोली, मापटं, चिपटं ही नावं कानाला गोड लागतात, पण एका गावची पायली दुसऱ्या गावात चालेल याची खात्री नसे. त्यात पुन्हा माप शिगेनं भरायचं की सपाट, यावर सगळा खेळ. सावकार घेताना शीग लावी आणि देताना वरून हात फिरवी. ज्या तोळ्यासाठी साहेब हळवे होतात, त्याचं ११.६६ ग्रॅम हे वजन १८३३ मध्ये कंपनी सरकारनं ठरवलेलं, १८० ग्रेन, रुपयाच्या नाण्याइतकं. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. ते ३३ फूट इंग्रजी मोजणीच्या अर्ध्या साखळीचे. आणि गळ्यात फ्रेंच माप बांधायचा पहिला कायदा स्वतंत्र भारतानं केलाच नाही. लॉर्ड मेयोच्या सरकारनं १८७०-७१ मध्येच कायदा करून टाकला होता, की शेर म्हणजे एक किलोग्राम. अंमल झाला नाही, एवढंच. फ्रेंचांच्या स्वतःच्या घशाखालीही हे माप सहज उतरलं नव्हतं. १७९५ चा कायदा, मग १८१२ मध्ये नेपोलियननं जुन्या नावांना दिलेली सूट, आणि खरी सक्ती १८४० पासून.

तोळ्यापायी आमच्या घरात जे घडलं, ते मी साहेबांना तोंडी कधी सांगितलं नाही. आजी गेल्यावर तिचा डबा उघडला. दागिन्यांबरोबर तिच्या हातच्या चिठ्ठ्या होत्या. पाटल्यांच्या चिठ्ठीवर ‘५ तोळे’, गोफाच्या चिठ्ठीवर ‘३ तोळे’. वाटणी वजनावर करायची, म्हणून मामा दोन्ही घेऊन सराफाकडे गेले. काट्यावर पाटल्या भरल्या ५८ ग्रॅम, गोफ भरला ३० ग्रॅम. सराफ दहा ग्रॅमचा तोळा धरतो, म्हणजे पाटल्यांत जवळजवळ पाऊण तोळा जास्त. मामांनी लहानपणी ऐकलेला तोळा साडेअकरा ग्रॅमच्या वरचा, म्हणजे गोफ व्हायला हवा पस्तीस, आणि त्यात पाच ग्रॅम कमी. एकात वाढ, दुसऱ्यात घट. धाकट्या मावशीनं मधे गोफ झाळायला नेला होता. त्या दुपारी कोणी काही उघड बोललं नाही, पण जेवणं गप्पगप्प झाली. पाटल्या १९४९ च्या लग्नातल्या, जुन्या तोळ्याच्या. गोफ १९९० च्या आसपास घेतलेला, नव्या तोळ्याचा, हे माझ्या लक्षात यायला पंधरा दिवस लागले. मी मावशीला फोन केला तेव्हा ती फक्त म्हणाली, “बरं झालं, कळलं.” चिठ्ठ्यांवर ग्रॅम असते तर तो फोन करावाच लागला नसता.

आता लोकांचा निकाल. साहेबांचा हा सगळ्यात भक्कम बुरूज. लोक फुटात बोलतात हे खरंच आहे. पण लोकांना बदलता येत नाही, हे खरं नाही. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. १९५८ च्या ऑक्टोबरपासून नवी वजनं टप्प्याटप्प्यानं आली आणि १९६२ च्या एप्रिलपर्यंत देशभर सक्तीची झाली. शिक्षण फारसं नसलेल्या, आण्यात हिशेब करणाऱ्या बायकांनी चार-पाच वर्षांत शेर सोडून किलो धरला. प्रमाण शेर ९३३ ग्रॅमचा, त्यामुळे किलो म्हणजे शेराहून जरासा वर, हेही सोयीचं पडलं. दूध, रॉकेल लिटरनं मिळू लागलं. बाळ पूर्वी साडेसहा पौंडांचं जन्मायचं, आता दोन किलो नऊशेचं जन्मतं, आणि बारशाला कोणी पौंड विचारत नाही.

मग काय बदललं आणि काय राहिलं, याची यादी शेजारी शेजारी मांडून बघा. भाजी, दूध, तेल, कापड, पेट्रोल बदललं. सदनिका, जमीन, सोनं, वाळू राहिली. पहिल्या यादीतल्या मालाच्या दुकानात गिऱ्हाईक रोज येतं, दोन रुपयांसाठी वाद घालतं, आणि उद्या समोरच्या दुकानात जाऊ शकतं. दुसऱ्या यादीतल्या मालाला गिऱ्हाईक जन्मात एकदा-दोनदा येतं, येतं तेव्हा भांबावलेलं असतं, आणि पुन्हा तपासायला येत नाही. लोकांनी निकाल दिलाय असं मला वाटत नाही. लोकांना जिथं रोज तपासता आलं तिथं त्यांनी नवं माप घेतलं. उरलेल्या ठिकाणी विकणाऱ्यानं ठरवलं. उंचीचं सोडा. माझी उंची पाच फूट पाच इंच आहे आणि मरेपर्यंत तीच राहील, त्यात कोणाचं काही जात नाही.

इंग्रजांकडे बघून फुटाचा अभिमान बाळगणाऱ्यांसाठी एक बातमी. २०२२ मध्ये ब्रिटिश सरकारनंच जनतेला विचारलं होतं, की पौंड-औंसांत माल विकायला पुन्हा मोकळीक हवी का. लाखभर लोकांनी उत्तरं पाठवली आणि जवळजवळ सगळ्यांनी दशमान पद्धतच राहू द्या म्हणून सांगितलं. सरकारनं गुपचूप बेत गुंडाळला.

साहेब इथं म्हणतील, म्हणजे त्यांनी पत्रात म्हटलंच आहे, की फसवायचं ते मीटरमध्येही फसवतील. अगदी बरोबर. मीटरनं कोणी साधू होत नाही. चौरस मीटरमध्येही बाल्कनी, जिना, लॉबी घुसडता येते. माझा वाद फूट वाईट आणि मीटर चांगला असा नाहीच. उद्या सगळे कागद फुटात करणार असाल तर मी तेही घेईन. माझी तक्रार आहे ती तोंडात एक माप आणि कागदावर दुसरं, या संसाराबद्दल. बोलणं फुटात होतं, सही मीटरवर होते, आणि दोन्हींच्या मधे १०.७६४ चा गुणाकार असतो. तो गुणाकार कोणी करत नाही.

सातबारा घ्या. उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, बांधावर बोलणं एकर-गुंठ्यांत. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा १०१.१७. इतके जवळ, की गावोगाव ‘आर म्हणजे गुंठाच की’ असं म्हणतात. चाळीस गुंठ्यांचा एकर. पण चाळीस आर घेतले तर एकराला सुमारे ४७ चौरस मीटर कमी पडतात, म्हणजे पाचशे चौरस फूट, अर्ध्या गुंठ्याला थोडं कमी. शहरात तेवढ्यात एका खोलीचा फ्लॅट बसतो. भावाभावांच्या वाटणीत हे एकेका एकरामागे सुटतं आणि नंतर मोजणी आणली, की कोणी बांध कोरला यावर पिढी जाते. सरकार तरी कुठं धुतल्या तांदळाचं आहे? २००१ चा गुंठेवारीचा कायदा, नावातच गुंठा. २०२३ च्या वाळू धोरणातला दर प्रति ब्रास ६०० रुपये.

ब्रास म्हणजे शंभर घनफूट. गावाकडच्या घराच्या दुरुस्तीला वाळू मागवली तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, “अडीच ब्रास आहे.” मी हौद्याला टेप लावला. लांबी बारा, रुंदी साडेसहा, उंची तीन फूट. काठोकाठ भरला असता तर २३४ घनफूट, आणि काठोकाठ भरलेला नव्हताच. शिवाय वाळू ओली. ओली वाळू फुगते आणि त्याच वजनाची जास्त जागा खाते. ड्रायव्हर रागावला नाही. “सगळे अडीचच म्हणतात,” तो म्हणाला, आणि त्यात लबाडीचा लवलेश नव्हता. त्यालाही गाडीचं टोपणनाव तेवढं ठाऊक होतं.

आता तिसऱ्या मजल्याकडे येतो. साहेब, तुम्ही पत्राच्या तिसऱ्या पानावर लिहिलंय, की “माझं घर पावणेनऊशे स्क्वेअर फूट आहे, हे मला डोळे मिटून कळतं, एक्याऐंशी चौरस मीटर म्हटलं की काही दिसत नाही.” तुमचा फ्लॅट आणि माझा खालीवर आहेत, नकाशा एकच, दोघांनी २०११ मध्ये एकाच आठवड्यात सह्या केल्या. माझा करारनामा मी कपाटातून काढला आहे. त्यात चटई क्षेत्र लिहिलंय ५८.२० चौरस मीटर. गुणाकार केला तर ६२६ चौरस फूट होतात. ८७५ हा आकडा करारनाम्यात कुठंच नाही. तो आहे त्या गुळगुळीत माहितीपत्रकावर, जे तुम्ही बांधकामातले असूनही माझ्यासारखंच जपून ठेवलंय.

रविवारी सकाळी टेप घेऊन येतो. बैठकीच्या खोलीपासून सुरुवात करू. टेपच्या एका कडेला इंच आहेत आणि दुसऱ्या कडेला सेंटिमीटर. कुठली कड धरायची, ते तुम्ही ठरवा.